जगायला गेलेली माणसं

२००३ च्या मे महिन्यात मी आजीला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचून दाखवली. आठ दुपारी लागल्या. माण तालुक्यातलं आमचं जुनं माळवदाचं घर, बाहेर डोळे उघडवेनात असं ऊन. पावसानं ओळीनं दगा दिला होता आणि विहिरीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. गाव खऱ्या अर्थानं जागं व्हायचं ते टँकरचा आवाज आला की. मी सांगलीहून सुट्टीला माहेरी आले होते. पुढच्या वर्षी वर्गावर शिकवायचं म्हणून ते पुस्तक सोबत आणलं होतं. आजीला दिसायचं कमी, पण कान शाबूत होते. “मनात काय वाचतीस? मोठ्यानं वाच, आमालाबी कळू दे,” ती म्हणाली, आणि सुपातले हुलगे निवडत ऐकायला बसली.

आजी कधी शाळेत गेली नव्हती, आणि पुस्तक कसं ऐकायचं हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती ते शेजारच्या वाडीवरची बातमी ऐकावी तसं ऐकत होती. मेंढरं आजारी पडली की विचारायची, “तोंडाला लाळ हुती का?” शेकूचा प्रसंग आला. त्याला औताला बैल एकच, दुसरा कुणी देईना, तेव्हा त्याची बायकोच बैलाच्या जोडीला जुवाखाली मान देते. तिथं माझा आवाज बदलला. मी क्षणभर थांबले. वाटलं, आता आजी हळहळेल, त्या बाईसाठी काहीतरी बोलेल. आजीनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “रान हलकं हुतं का काळवट?”

त्या प्रश्नानं मी गोंधळले. पुढं कितीतरी वर्षं तो माझ्या मनात राहिला. काळवट रानात औत ओढायला लागणारी ताकद वेगळी, हलक्या मुरमाड रानात वेगळी. त्या बाईला ते झेपलं असेल का, एवढंच आजीला जाणून घ्यायचं होतं. माझी हळहळ दुरून पाहणाऱ्याची होती, तिचा प्रश्न मात्र जुवाखाली मान देऊन बघणाऱ्याचा होता.

आठव्या दुपारी पुस्तक संपलं. पाऊस नाही, मेंढरं मरतात, माणसं उरलीसुरली जनावरं घेऊन वाट धरतात, शाळेतली पोरं कमी होत जातात आणि शेवटी मास्तरही निघतो. मी पुस्तक मिटलं. घसा दाटून आला होता. म्हणाले, “बघ आजी, शेवटी गाव ओस पडलं.”

“वस कशानं?” आजी जवळजवळ रागावली. “जगाय गेल्यात मानसं. पाऊस पडला की येत्याल.”

मी तेव्हा दहा-बारा वर्षं मराठी शिकवत होते. शब्दकळा, शैली, भाववृत्ती यांवर टिपणं काढून देत होते. तरी ‘ओस पडलं’ आणि ‘जगाय गेली’ यांतला फरक मला त्या दुपारी पहिल्यांदा कळला. ‘ओस’ हे घरांचं वर्णन आहे. मोकळी दारं, थंड चुली, उडणारी धूळ. त्यात माणूसच नाही. ‘जगायला गेली’ यात कर्ता माणूस आहे, आणि त्या जाण्याला हेतू आहे. आपण जेवायला जातो, बाजाराला जातो, तशी ही माणसं जगायला जातात आणि काम झालं की परत येतात. दुष्काळानं हाकललं म्हणून गेली असं त्यात नाही. आपल्या पायानं, ठरवून गेली असं आहे. सरकारी कागदावर याच गोष्टीला ‘स्थलांतर’ म्हणतात, आणि त्याच्या आधीच्या अवस्थेला ‘टंचाईसदृश परिस्थिती’. हे शब्द वाचले की मला आजीचा राग आठवतो.

परीक्षेत एक प्रश्न आम्ही दर दोन-तीन वर्षांनी फिरवून विचारतो. लेखकाच्या शब्दयोजनेतून आणि भाववृत्तीतून जगण्याची जिद्द कशी प्रकट होते, ते सोदाहरण लिहा. उत्तरं ठरलेली असतात. लेखकाने जिद्दीचे प्रभावी चित्रण केले आहे, ग्रामीण बोलीचा वापर परिणामकारक आहे, वातावरण करुण आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात, सांगलीच्या पूर्व भागात ठिकठिकाणी चारा छावण्या लागल्या होत्या तेव्हा, जत तालुक्यातल्या एका मुलाच्या उत्तरपत्रिकेत मला वेगळंच काही दिसलं. त्यानं लिहिलं होतं की पुस्तकातली माणसं जिद्दीनं वागतात असं कुठं लिहिलेलं त्याला सापडलं नाही. आमच्याकडंही असं कोणी म्हणत नाही. आमची जितराबं छावणीत आहेत, मी रात्री तिथंच झोपतो आणि सकाळी परीक्षेला येतो, पण याला जिद्द म्हणतात हे मला माहीत नव्हतं. एवढंच लिहून त्यानं पुढचा प्रश्न घेतला होता. मी त्याला दहापैकी तीन गुण दिले, कारण मुद्दे आले नव्हते. ती माझी चूक होती आणि ती आज मला टोचते. त्या वर्षीच्या सगळ्या गठ्ठ्यात प्रश्नाला भिडलेलं उत्तर तेवढं एकच होतं.

जिद्द, चिकाटी, झुंज हे शब्द बाहेरून लावायचे असतात. सत्कार करताना, मानपत्र लिहिताना ते लागतात. जो आत आहे त्याला ते सुचत नाहीत. माणदेशात मी लहानपणापासून ऐकलेले शब्द वेगळे आहेत. ‘तगलं’, ‘निभलं’, ‘धकलं’. रोप तगतं तसं माणूस तगतं. जनावराला ‘जितराब’ म्हणायचं. मला त्यात ‘जितं’ ऐकू येतं, जिवंत असलेलं, जिवंत ठेवायचं ते. आणि सगळ्यांत मोठा शब्द ‘काढणे’. दिवस काढले, साल काढलं. या क्रियापदाकडं आपलं लक्षच जात नाही, इतकं ते रोजचं आहे. विहिरीतून पाणी काढतात, गाईची धार काढतात, पायातला काटा काढतात, सावकाराकडून कर्ज काढतात, उभं पीक काढतात. प्रत्येक काढण्याला हात लागतात, आणि थोडा जोर, थोडी दुखापत. दिवस ‘गेले’ म्हटलं तर ते आपोआप गेले. दिवस ‘काढले’ म्हटलं की पोहऱ्यासारखा एकेक दिवस खोल आडातून हातानं ओढून वर घेतलाय, दोराचे वळ तळहातावर आहेत. माझ्या आजीनं ‘मी दुष्काळ सोसला’ असं कधी म्हटलेलं मला आठवत नाही. बाहत्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की ती म्हणायची, “ते साल आमी खडीव काढलं.” खडीवर, म्हणजे दुष्काळी कामावर दगड फोडून. तिथं खायला सुकडी मिळायची, रेशनला तांबडा मिलो मिळायचा, त्याच्या भाकरीला चिराच पडायच्या. एवढं सांगून ती उठायची, कारण गोठ्यात काहीतरी काम राहिलेलं असायचं.

व्यंकटेश माडगूळकरांच्या गद्याचं रहस्य मला या बोलण्यात सापडतं. त्यांचा जन्म १९२७ चा, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचा. तेव्हा तो मुलूख औंध संस्थानात होता. ‘माणदेशी माणसं’ १९४९ ची, ‘बनगरवाडी’ १९५५ ची. ते चित्रकारही होते. पेनानं ओढलेली एक रेघ, तिच्यावर पुन्हा हात फिरवायचा नाही, ही शिस्त त्यांच्या वाक्यात आहे. विशेषण आलंच तर रंगाचं, वासाचं, आकाराचं येतं, दयेचं सहसा येत नाही. ‘बनगरवाडी’ तरण्या मास्तरच्या तोंडून सांगितली आहे, आणि तो मास्तर गावात आलेला पाहुणा आहे. त्याला सगळं कळत नाही, तो कुणाच्या मनात शिरल्याचा दावा करत नाही. धनगरांनी जे दाखवलं तेवढं तो बघतो. गावानं अंगमेहनतीनं तालीम बांधली, औंधचे राजे तिच्या उद्घाटनाला आले, हा आनंद ज्या आवाजात येतो जवळपास त्याच आवाजात पुढं मेंढरांचं मरणही येतं. आवाज चढत नाही. शेकूच्या बायकोचा प्रसंग दुसऱ्या एखाद्या लेखकानं गळा काढून लिहिला असता, तिला भारतीय स्त्रीचं प्रतीक करून टाकलं असतं. माडगूळकर तिला बाईच राहू देतात. पेरणीची वेळ आहे, बैल कमी आहे, बाई अंगानं दणकट आहे आणि काम व्हायला हवं. आजीचा प्रश्न याच सुराला जुळणारा होता. लेखकानं हुंदका दिला असता तर तिला रानाचा पोत विचारायचं सुचलं नसतं, तीही माझ्यासारखी हुंदक्यात अडकली असती. लेखक गप्प राहतो तेव्हा वाचणाऱ्याला आपली मान जुवाखाली देऊन बघायला जागा मिळते.

पण याचा अर्थ जगण्याची चिवट ओढ फक्त खालच्या आवाजातच सांगता येते असा नाही. हे मला सांगलीत राहायला आल्यावर कळलं. आज जो सातारा आणि जी सांगली, तो बराचसा एकच जिल्हा होता. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. या जुन्या साताऱ्यात पाऊस किती वेगवेगळा पडतो ते बघा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम पाचशे, कित्येक वर्षी तेवढाही नाही. कृष्णा-वारणेच्या काठची काळी जमीन आणि आटपाडी-जतचा माळ यांत मोटारीचं काही तासांचं अंतर. पाऊसमान बदलतं तसा बोलण्याचा सूरही बदलतो असं मला नेहमी वाटत आलंय. कुणी भाषाशास्त्रज्ञ हे मान्य करणार नाही कदाचित. पण माळावरचा माणूस शब्दही पाण्यासारखे जपून वापरतो, आणि वारणाकाठचा माणूस भरल्या नदीसारखा बोलतो.

अण्णा भाऊ साठे वारणेच्या मुलखातले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. जन्म १९२० चा. पोरवयात घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला गेले. शाळा जवळजवळ नाहीच. शाहीर झाले, डफावर हजारोंच्या सभा उभ्या केल्या, आणि तोच आवाज गद्यात आणला. १९५९ ची ‘फकिरा’ दुष्काळाची आणि भुकेची कादंबरी आहे. त्यांनी ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. तिथं वाक्यं पळतात, घोडा उधळतो, आभाळ गरजतं, माणसं छाती काढून बोलतात. भूक लागली म्हणून फकिरा माळावर बसून दिवस काढत नाही, तो धान्य लुटून आणतो आणि उपाशी वस्तीत वाटतो. इथं जगणं हा हक्क आहे आणि तो मागताना आवाज चढणारच. ज्याला गावानं शतकानुशतकं गप्प बसवलं त्यानं खालच्या आवाजात बोलावं अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडानं करू?

तरीही अण्णा भाऊंचं मला सगळ्यांत हलवून जाणारं लेखन म्हणजे ‘स्मशानातील सोनं’. वारणाकाठचा भीमा, पैलवानी अंगाचा, मुंबईच्या उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मग त्याला प्रेताच्या राखेत सोन्याचा कण सापडतो आणि तो रात्री स्मशानं धुंडाळू लागतो. कोल्ह्यांशी त्याची झटापट होते. प्रेताच्या जबड्यात हात अडकतो आणि बोटं जातात. त्यानंतर कळतं की खाण पुन्हा सुरू झाली आहे, आणि आता त्याच्याकडं दगड फोडायची सुतकी धरायला बोटं नाहीत. या कथेत काळोख, वारा, कोल्हेकुई सगळं शाहिरी थाटात येतं. पण कथेच्या शीर्षकात शेजारी ठेवलेले दोन शब्द बघा. स्मशान आणि सोनं. एकानं दुसऱ्याला खाल्लेलं नाही. भीमाला स्मशानाचं भय वाटत नाही असं नाही. पण घरात बायको आहे, पोर आहे, आणि भुकेचं भय त्याहून मोठं आहे. लेखक त्याला पापी ठरवत नाही, वीरही करत नाही. भीमा रडतो तिथं कथा संपते, आणि ते रडणं गेलेल्या कामासाठी आहे, ही बारकाई मला अण्णा भाऊंच्या मोठेपणाची खूण वाटते.

शंकरराव खरातांनी तर पुस्तकाच्या नावातच सगळं ठेवलं. ‘तराळ-अंतराळ’, १९८१. खरात आटपाडीचे, म्हणजे माडगूळकरांच्याच मातीतले, वयानं त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी थोरले. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला जन्मलेले. तराळकी म्हणजे महाराच्या वाट्याला आलेली गावकीची चाकरी. त्यांचे वडील ती करत. विहिरीत एक प्रेत तरंगतं, त्याची राखण वडिलांच्या अंगावर येते. उपाशी, तहानलेले ते तिथं बसून राहतात. नंतर विहिरीत साप दिसत असताना त्यांनाच खाली उतरायचा हुकूम होतो, आणि काठावर उभा असलेला मुलगा ते पाहतो. तोच मुलगा पुढं मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. हे सांगताना खरातांच्या भाषेत जबानीचा कोरडेपणा आहे. ते वकीलही होते. किती वाजता कोण आलं, कोण काय म्हणालं, कोणी कुठं हात लावला नाही. साक्षीदारानं रडायचं नसतं, नाहीतर साक्ष पातळ होते. ‘तराळ’ या शब्दाला ‘अन्’ जोडून ‘अंतराळ’ होत नाही, व्युत्पत्तीच्या दृष्टीनं ते दोन परके शब्द आहेत. पण लेखकानं त्यांना यमकानं बांधलं आणि मध्ये एक छोटी आडवी रेघ दिली. त्या रेघेत किती वर्षांचं चालणं आहे. फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण मान्यांनी १९८० मध्ये आत्मकथेला ‘उपरा’ हे नाव दिलं, तेव्हाही असंच झालं. लोकांनी ज्या शब्दानं हिणवलं तोच उचलून मुखपृष्ठावर ठेवला. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या, फोकांच्या पाट्या विणणाऱ्या आईबापाच्या पोराला गाव नव्हतं. पुस्तक झालं.

सांगलीच्या लोकांचं जगण्याचं व्याकरण मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये ऐकायला मिळालं. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी फुटात मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या वर्षी ते सत्तावन्न फुटांवर गेलं. आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर होतो. वीज नाही, फोन बंद पडत चाललेले. माणसं गच्चीवरून एकमेकांना हाका मारत होती आणि त्या हाकांमध्ये ‘भीती’, ‘संकट’, ‘देवा’ यांपेक्षा आकडेच जास्त होते. “किती झालं?” “तिसरी पायरी गेली.” “तुमच्याकडं?” “दोन शिल्लक.” शेजारच्या काकूंनी भिंतीवर कोळशानं रेघ ओढली होती आणि दर तासाला त्या टॉर्च लावून बघत होत्या. पहाटे त्यांनी ओरडून सांगितलं, “रेघ दिसतीय हो!” पाणी चार बोटं उतरलं होतं. त्या सात अक्षरांइतकं सुंदर वाक्य मी त्या वर्षी दुसरं वाचलं नाही. आणि त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडं चारा छावण्या अजून मिटल्या नव्हत्या. तिकडं आकडे उलटे होते. टँकरच्या किती खेपा, घरटी किती घागरी.

जगून काढणारी माणसं मोजत असतात. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी, ज्याला पु. लं.नी ‘एका कोळियाने’ म्हणून १९६५ साली मराठीत आणलं, त्याची गोष्टसुद्धा मोजणीनंच सुरू होते. मासा न मिळाल्याचे चौऱ्याऐंशी दिवस. आकडा हा लेखकाचा फार प्रामाणिक शब्द असतो असं मी आता मुलांना सांगते. ‘खूप दिवस’ म्हटलं की लेखक दमलेला असतो. चौऱ्याऐंशी म्हटलं की त्यानं, किंवा त्याच्या माणसानं, रोज भिंतीवर रेघ ओढलेली असते.

या मातीनं एक शब्द कायद्यालाही दिला आहे, तो सांगायचा मोह मला आवरत नाही. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. राज्याच्या विधान परिषदेचे ते बरीच वर्षं सभापती होते. हाताला काम मागेल त्याला सरकारनं काम दिलंच पाहिजे, ही कल्पना त्यांनी १९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना पत्रानं कळवली आणि पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातच झाला. बाहत्तरच्या दुष्काळानं तिची गरज सगळ्या राज्याला दाखवली. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानं तो उचलला. त्या योजनेच्या नावात ‘मदत’ नाही, ‘साहाय्य’ नाही, ‘अनुदान’ नाही. ‘हमी’ आहे. मदत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. हमी दोघांना समोरासमोर उभं करते. माझ्या आजीसारख्या बायका खडीवर बसल्या तेव्हा त्यांना कुणी दयेनं अन्न वाटत नव्हतं, त्या हजेरी लावत होत्या. म्हणूनच “ते साल खडीव काढलं” असं तिला ताठ मानेनं म्हणता आलं. पाग्यांनी शब्द निवडताना हा विचार केला असेल, अशी माझी खात्री आहे.

माझ्या पिढीतले माणदेशातले पुष्कळ लोक अजून जगायलाच गेलेले आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची पोरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या कामात, देशभरातल्या सराफ पेठांमध्ये पसरली आहेत. घराघरात परराज्यातलं एखादं नातवंड असतं, जे मराठी थोडं अडखळत बोलतं. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला, मार्गशीर्षात, ही सगळी माणसं येतात. तेव्हा आजीचं ‘येत्याल’ हे वाक्य रस्त्यावर चालताना दिसतं. टेंभू योजनेचं पाणीही आता आटपाडीपर्यंत आलंय, डाळिंबाच्या बागा दिसतात. पण मी याला सुखांत म्हणणार नाही. पाऊस हुकला की आजही छावणी लागते, टँकर येतो, आणि जाणारे जातात.

आजी जाण्याच्या आधीच्या वर्षी मी तिला एकदा नेमकं विचारलं होतं. बाहत्तरला आजोबा बैलं जगवायला फलटण-माळशिरसच्या बाजूला नीरेच्या कालव्याखाली गेले होते, हे मला घरात ऐकून माहीत होतं. चार बैलं घेऊन गेले होते. सात महिन्यांनी परत आले. मी विचारलं, “मग किती मेली, आजी?”

तिनं माझ्याकडं बघितलं. शब्द चुकला की शाळेत मी पोरांकडं बघते तसं.

“दोन आणली,” ती म्हणाली.

तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल, बाहत्तर पाहिलेलं, महापूर पाहिलेला, गाव सोडून परत आलेलं, तर त्यांना ‘बनगरवाडी’ वाचून दाखवा. ‘स्मशानातील सोनं’ वाचून दाखवा, ‘तराळ-अंतराळ’ वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा, घाई करू नका, आणि ते जिथं अडवून तुमचा शब्द दुरुस्त करतील तिथं पुस्तक बाजूला ठेवून त्यांचा शब्द वहीत उतरवून घ्या.